मॅट्रिकच्या वर्गात आलेली डोली

“इंग्रजीच्या तासाला मराठी कसली बोलताय, मास्तर?” इन्स्पेक्टरसाहेबांनी दारातूनच विचारलं. त्यांच्या मागे हेडमास्तर घाम पुसत उभे होते.

महाडच्या हायस्कुलात मी मॅट्रिकला इंग्रजी शिकवायचो. तेव्हा लघुकथेचे घटक चालू होते. प्लॉट म्हणजे घटनांची गुंफण. सेटिंग म्हणजे गोष्ट घडते ती जागा आणि वेळ. क्लायमॅक्स म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो क्षण. इतर मास्तर व्याख्या उतरवून देत. मी आधी मराठीत समजावून सांगायचो आणि मग मुलांना स्वतःची गोष्ट इंग्रजीत सांगायला लावायचो. हेडमास्तरांना हे पसंत नव्हतं. “शेरा वाईट आला तर हा वर्ग तुमच्याकडे राहणार नाही,” असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

साहेबांनी खुर्चीत बसून मुलांना क्लायमॅक्सची व्याख्या विचारली. कुणालाच येईना.

“व्याख्या दिलेली नाही, साहेब. गोष्ट ऐका,” मी म्हणालो आणि सखारामला उठवलं.

सखाराम पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. भाऊ मुंबईला गिरणीत. त्याच्या घरची ही गोष्ट मी आधी मराठीत ऐकली होती. तो इंग्रजीत सांगू लागला. भर पावसात वहिनीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. डोलीत घालून महाडच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले, तर सावित्रीला पूर. डोलीवाले काठावर थांबले. पाणी चढत होतं. वहिनी ओरडायची थांबली.

इथे सखारामही थांबला.

“देन? व्हॉट हॅपन्ड?” साहेब खुर्चीतून पुढे सरकले.

“सर, पुढचं इंग्रजीत येत नाय.”

“अरे, मग मराठीत सांग! बाई वाचली का?”

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले.

“नको साहेब,” मी म्हणालो. “इंग्रजीतच सांगेल. सखाराम, सुईणीला मिडवाइफ म्हणतात. चल पुढे.”

तो अडखळत बोलत राहिला. वहिनीनेच डोली खाली ठेवायला सांगितली. काठावरच्या गोठ्यात नेलं. जवळच्या वस्तीवरची म्हातारी मिडवाइफ आली. तिने पोटावरून हात फिरवून मूल वळवलं. वहिनी वाचली. मुलगी झाली.

“पोरगी आता चालते, सर,” हे तेवढं तो मराठीत म्हणाला.

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली.

“साहेब, तुम्ही ‘देन’ म्हणालात, तोच क्लायमॅक्स,” मी म्हणालो. “आणि नदी काढून टाकली तर ही गोष्ट उभीच राहत नाही. ते सेटिंग.”

ते हसले नाहीत. पण मग दोन मुलांना त्यांनी स्वतःच सखारामच्या गोष्टीवर प्रश्न विचारले. दोघांनीही धडाधड उत्तरं दिली.

शेरा आला: ‘मराठीचा वापर जास्त. मुलांना विषय समजलेला आहे.’ हेडमास्तरांनी पहिलं वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. वर्ग मात्र माझ्याकडेच राहिला.

पुढे नव्या मास्तरांना मी एवढंच सांगायचो, इन्स्पेक्शनला हुशार मुलगा उभा करू नका. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, त्याला उठवा.