गुणी मुलगी, नंबर नऊ

आमच्या लेकीला अठराव्या वर्षी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबनं एका सीझनचा करार दिला, तेव्हा इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत दोनच प्रश्न विचारले गेले. "मग युनिव्हर्सिटीचं काय?" आणि "बायकांचं फुटबॉल टीव्हीवर दाखवतात का?" मी भूल देणारी डॉक्टर, नवरा आयटीत, आमच्या सात पिढ्यांत कुणी चेंडूला लाथ मारून पोट भरलेलं नव्हतं. मी लोकांना हसून उत्तरं द्यायचे आणि घरी येऊन चरफडायचे.

मार्च आला तरी तिचा एकही गोल झाला नव्हता. नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्या स्ट्रायकरनं गोल करायचे असतात, एवढं मलाही कळत होतं. सीझन संपताना करार वाढवायचा की नाही ते ठरणार होतं. एका संध्याकाळी ट्रेनिंगहून घरी येताना ती गाडीत म्हणाली, "आई, कोच म्हणते मी टू पोलाइट आहे. गोल समोर असतो आणि मी बॉल दुसऱ्याला देते. ती म्हणाली, हू टॉट यू दॅट?"

कुणी शिकवलं ते मला चांगलं ठाऊक होतं. गणपतीत आमच्याकडे साठ पानं उठतात आणि पाच वर्षांची असल्यापासून ही मीठ-लिंबू वाढत फिरायची. वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं. शेवटच्या मोदकाला हात लावायचा नाही. समोरच्यानं तीनदा आग्रह केल्याशिवाय हो म्हणायचं नाही. पाहुणे म्हणायचे, किती गुणी पोर! मी फुलून जायचे.

"हावरट हो," मी एकदम म्हणाले.

"व्हॉट?"

"मैदानावर हावरट हो. कुणाला विचारू नकोस. चुकलं तर चुकलं."

ती हसायला लागली. "आजीला सांगू, तू असं बोललीस?"

"खुशाल सांग."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं थर्मास घेऊन स्टँडमध्ये बसलो होतो. उत्तरार्धात आमच्या संघाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी नेहमी कॅप्टन घेते. तिनं बॉल उचललाही होता. माझी लेक तिच्यापाशी गेली, काहीतरी एक वाक्य बोलली आणि तिच्या हातातून बॉल घेतला.

"अगं, हे तू सांगितलंस तिला?" नवऱ्यानं विचारलं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

गोलकीपरनं पेनल्टी अडवली. सगळं स्टँड हळहळलं. मागचा एक माणूस पुटपुटला, कोण समजते ही स्वतःला? मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गडी आपल्या चिप्समध्ये तोंड घालून बसला.

मला पेशंटची शीर दोनदा सापडली नाही की मी सुई सहकाऱ्याच्या हाती देते. आमच्या कामात तेच शहाणपण. मला वाटलं, आता ही कोपऱ्यात जाऊन लपेल. मी तरी तेच केलं असतं. पण ती दोन्ही हात वर करून ओरडून बॉल मागत होती! मिळाला, मारला, खांबाला लागला. पुन्हा मागितला. एवढ्या लोकांसमोर चुकायचं आणि पुन्हा तिथंच जाऊन उभं राहायचं, हे बळ हिनं कुठून आणलं? आमच्या घरातून तर नक्कीच नाही.

शेवटची दहा मिनिटं उरली असताना ती बॉल घेऊन निघाली. डावीकडे तिची जोडीदारीण अगदी मोकळी होती, हात हलवत होती. मला राहवलं नाही. मी उभी राहून भर स्टँडमध्ये मराठीत किंचाळले, "अगं तिला दे! दे तिला!"

तिनं दिला नाही. बॉल गोलकीपरच्या हातावरून वर जाळीत गेला. लोक उड्या मारत होते, नवरा मला गदागदा हलवत होता आणि मी नुसती रडत होते.

सामना संपल्यावर, सीझन संपायची वाट न बघता, कोचनं मैदानातच तिला सांगून टाकलं, करार आणखी दोन वर्षं.

परतताना मी भीत भीत विचारलं, "मी ओरडले ते तुला ऐकू आलं का गं?"

"आलं ना," ती म्हणाली आणि सीट मागे करून झोपून गेली.