उलटा टायर

वडूजला माझं छोटं गॅरेज आहे आणि माझी लेक मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती खेळते. पूर्वी हौस भागायची. आता एका मागच्या टायरच्या पैशात घरचं महिन्याचं वाणसामान येतं. वर प्रवेश फी, पेट्रोल, गाडी न्यायला टेम्पो आहेच. वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात पिळला की मागचं चाक मातीत घसरतं आणि टायरवरच्या रबरी बटणांची धार झिजते. म्हणून बटणांची एक बाजू झिजली की मी टायर काढून उलटा बसवतो. दुसऱ्या बाजूची धार शाबूत असते, त्यावर आणखी दोन शर्यती निघतात.

गेल्या महिन्यात साताऱ्याजवळ शर्यत होती. शेजारच्या तंबूत पुण्याच्या एका पोराच्या तीन गाड्या आणि पगारी मेकॅनिक. आमची लेक वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर पिळतच नव्हती. सातवी आली. दिवसभर उन्हात उभा राहून वैतागलेला मी सगळ्यांदेखत ओरडलो, “एवढं भ्या वाटतंय तर खेळतीस कशाला?”

ती हेल्मेट काढून गाडीमागं उकिडवी बसली, माती पुसली आणि टायरवरून बोट फिरवलं.

“पप्पा, धार हाय अजून,” ती म्हणाली. “पुढच्या शर्यतीला नवा नको.”