एस्पोझितो म्हणजे काय

सकाळी धुळ्यातल्या देवपूरच्या घरून फोन आला, "लुचियाताई गेल्या." जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत माझ्या या मोठ्या जाऊबाईंचं माहेरचं आडनावच मनात घोळत होतं... एस्पोझितो.

भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, नोकरीसाठी इटलीत गेले आणि तिकडचीच बायको करून आले. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "तुन्हा आडनावना अर्थ काय शे वं?" ताईंना भाषा कळेना. भाऊच घाईने म्हणाले, "उघड्या रानाचे मालक. जहागीरदारच म्हण ना, आई." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, हळदीत आई ताईंचा हात धरून सांगायच्या, "आमनी सून जहागीरदारनी पोर शे." ताई मराठी शिकल्या, तोवर ही जहागिरी चार गावांत पोचली होती. खरं सांगावं तर नवरा खोटा पडणार.

पुढे भाऊंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. ताईंशिवाय कुणाच्या हातून ते घास घेत नसत. तिकडे ताईंची आई वारली, तरी त्यांना जाता आलं नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत गं. पण मी कोण, हे इथे कुणालाच माहीत नाही..."

गेल्या वर्षी मी देवपूरला गेले होते, तेव्हा आई एका पाहुणीला पुन्हा तेच सांगत होत्या. पाहुणी गेली आणि ताई त्यांच्यापुढे बसल्या. "आई, आम्ही जहागीरदार नाही. आमच्या मूळ पुरुषाला तान्हा असताना कुणीतरी अनाथालयाच्या दारात ठेवून गेलं. अशा बाळांना हेच आडनाव द्यायचे. एस्पोझितो म्हणजे टाकलेला."

आईंनी विचारलं, "मंग दार कोनी उघाडं?"

"तिथल्या चर्चच्या सिस्टरांनी."

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, तर जहागिरी पुन्हा सुरू! ताई मला हळूच म्हणाल्या, "आता आईही अडकल्या."

ताई गेल्यावर बायका दुखवट्याला दारावर बसायला आल्या. एकजण म्हणाली, "जहागीरदाराची लेक, पण किती साधी..."

आईंनी मान वर केली. "जहागीरदारनी नही वं. टाकेल लेकरूना वंशनी व्हती ती. पन तिनी आमले टाकं नही."

आत पलंगावर भाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी आठवडाभरासाठी आले होते. अजून देवपूरलाच आहे, ताईंच्या खोलीत झोपते. भाऊ आता माझ्या हातून वरणभात घेतात... आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातून घेत नाहीत.