आण्णांचा डावा इअरफोन

पार्श्वनाथ मगदूम शिरोलीच्या एका फाउंड्रीत सत्तावीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तपासायचं काम करत होते. घासून आलेला लोखंडी जॉब हुकाला टांगायचा, छोट्या हातोडीनं त्यावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. जॉब चांगला असला की आवाज स्वच्छ निघतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. आत बारीक चीर असली की तोच आवाज बसका होतो आणि लगेच मरतो. कारखान्यात त्यांना सगळे आण्णा म्हणत, आणि आण्णांनी बाजूला ठेवलेला जॉब पुन्हा तपासायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. बायको अरुणा, आणि पुण्याला नोकरीला गेलेली एकुलती एक मुलगी अपूर्वा. फोनवर बापलेकीला दोन मिनिटांच्या वर बोलायला काही सापडत नाही हे बघून अपूर्वानं आण्णांच्या मोबाइलवर एक बंदुकीचा गेम घालून दिला. दर रविवारी दुपारी ती पुण्यातून आणि हे कोल्हापुरातून, एकाच टोळीत खेळायचे. घर जैनांचं, म्हणून अरुणाताईंनी चतुर्दशीला तो मारामारीचा गेम घरात चालणार नाही एवढी अट घातली, बाकी काही म्हणाल्या नाहीत.

आण्णा प्रत्येक डावात पहिले मरायचे. शत्रू मागून येऊन गोळी घालायचा आणि यांना पत्ता नसायचा. अपूर्वाच्या मते दोष त्यांच्या बिनवायरीच्या ब्लूटूथ इअरफोनचा होता, त्यात आवाज उशिरा पोचतो. तिनं सांगितलं, वायरवाले घ्या, कानात आत बसणारे, आयईएम म्हणतात त्याला. हजार-दीड हजारात चांगले मिळतात, गाणीही स्वच्छ ऐकू येतील. गाण्याचं नाव निघाल्यावर आण्णा तयार झाले. त्यांच्याकडे जुन्या बैठकींची शंभरेक ध्वनिमुद्रणं होती आणि मोबाइलवर तानपुरा कधी नीट ऐकू येत नाही ही त्यांची तक्रार होती.

तिथून वैताग सुरू झाला.

आधी त्यांनी चार दिवस व्हिडिओ बघितले. एक जण सांगायचा, अमुक इअरफोनचा आवाज उबदार आहे. दुसरा त्याच इअरफोनला कोरडा म्हणायचा. तिसरा म्हणायचा, गेमला हाच घ्या, पण गाण्याला घेऊ नका. आणि चौथा बरोबर उलटं. आवाज ऐकण्यात हयात गेलेल्या माणसाला आवाज उबदार कसा असतो ते कळेना. अरुणाताईंना त्यांनी रागारागानं विचारलं, की हे लोक इअरफोन ऐकतात का पितात. त्या भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, नका घेऊ मग.

राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानदारानं वायर हा शब्द ऐकूनच तोंड वाकडं केलं. दुसऱ्यानं एक जोड कानात घालून असं काही ढमढम गाणं लावलं की आण्णांच्या दाढा हलल्या. तिसरं दुकान ऋतुराजचं. तिशीतला हा माणूस स्वतः रात्रंदिवस गेम खेळणारा, त्यामुळे त्याला गरज लगेच कळली. त्यानं साडेबाराशेचा एक जोड काढला. तेव्हा लक्षात आलं, की आण्णांच्या मोबाइलला गोल पिनचं भोकच नाही. मग वेगळा कनेक्टर घ्यावा लागला. मग वायर कानाच्या वरून मागं कशी घ्यायची ते शिकावं लागलं. मग रबराचे तीन मापांचे टोप, त्यातला कुठला आपल्या कानाचा हे ठरवण्यात अर्धा तास गेला. घरी येईपर्यंत आण्णांचं डोकं ठणकायला लागलं होतं.

घरी त्यांनी तानपुऱ्याच्या जोडीचं ध्वनिमुद्रण लावलं आणि डोळे मिटले. एका मिनिटात उघडले. उजवीकडे तारांचा झंकार सुटा सुटा येत होता. डावीकडचा तानपुरा गोधडीखाली ठेवल्यासारखा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर झाले. कानात घातलेला माल परत घेत नाहीत, तरी ऋतुराजनं वयाकडे बघून बदलून दिला. दुसऱ्या जोडाचीही डावी बाजू मंद निघाली. आण्णा पुन्हा गेले. आता ऋतुराजनं तो स्वतःच्या कानात घालून बघितला आणि म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या आहेत. आण्णांनी त्याला ऐकवलं, की मी लोखंडातली केसाएवढी चीर ऐकतो, मला शिकवू नकोस. ऋतुराजनं वेगळ्या कंपनीचा, थोडा महाग जोड पाकीट फोडून दिला. आण्णांनी तिथंच उभ्यानं ऐकला आणि काउंटरवर ठेवला.

"ह्याची बी डावीच गेलीया. सगळा लॉटच खराब दिसतोय तुझा."

मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. ऋतुराजचाही धीर सुटला.

"आण्णा, एक काम करा," तो म्हणाला. "उलटं घाला. डावं उजव्यात, उजवं डाव्यात. मग सांगा मला."

आण्णांनी चिडूनच तसं केलं. वायर उलटी, कानावर ती बसेना, तरी हातानं दाबून धरली. गाणं सुरू झालं. आता उजव्या कानात होता तो डावा इअरफोन, आणि तो लख्ख वाजत होता. मंद होता तो डाव्या कानातलाच.

त्यांनी दोन्ही बाजू आणखी एकदा बदलून बघितल्या. मग इअरफोन काढून वायरची नीट गुंडाळी केली. ऋतुराजला काय झालं ते समजलं होतं. त्यानं विचारलं, आण्णा, पाणी देऊ का. ते नको म्हणाले, तो महागाचा जोड त्यांनी घेतला आणि निघाले.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर टांगलेल्या जॉबला टोला दिला आणि पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की ऐकताना आपली मान डावीकडे वळते, उजवा कान पुढं येतो. ही सवय कधीची हे त्यांना आठवेना. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक जॉब दोनदा वाजवला. संध्याकाळी माल तुंबला आणि सुपरवायझरनं विचारलं, तर त्याच्यावरही उखडले. चार दिवस असेच गेले. आमटीत मीठ कमी, फॅनचा आवाज जास्त, शेजारच्यांची गाडी दारात. पाचव्या दिवशी अरुणाताईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"काय झालंय ते सांगा, न्हाय तर उद्यापासनं तुमचं तुम्ही करून खावा."

आण्णांनी सांगितलं. बोलताना त्यांचा घास हातातच राहिला. कान गेला याचं दुःख त्यांना कमीच होतं. गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या हातून चिरलेला जॉब चांगला म्हणून गेला असेल, तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरला बसला असेल, हे त्यांना झोपू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरकडे गेले. मळ साठला असेल अशी आण्णांची आशा होती. मळ नव्हता. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबायला लावून, डॉक्टरबाईंनी एक आलेख काढला. उजव्या कानाची रेघ थोडी उतरती, डाव्या कानाची चढ्या सुरांपाशी एकदम खड्ड्यात. त्यांनी विचारलं, कामाच्या जागी डावीकडे काय असतं. आण्णा म्हणाले, जॉब घासायचं ग्राइंडिंगचं मशीन. किती वर्षं? तेवीस. कानात बोळे घालत होता का? आण्णा म्हणाले, "बोळं घातल्यावर जॉब कसा ऐकू येणार, बाई?"

गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, आणि इअरफोनचा आवाज बारीकच ठेवा, एवढं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

आलेखाचा कागद घेऊन आण्णा तसेच कारखान्यात गेले आणि क्वालिटीचे साहेब अमरसिंह यांच्या टेबलावर तो ठेवला. काम काढून घेतील या तयारीनंच ते गेले होते. अमरसिंहांनी कागद बघितला, मग संगणकावर दोन वर्षांच्या तक्रारी काढल्या. आण्णांनी पास केलेल्या मालात चिरेची एकही तक्रार नव्हती. उजवा कान दोघांचं काम करत आला होता. मात्र साहेबांनी आण्णांना सोडलं नाही. तुमचं टेबल मशीनपासून लांब हलवू म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं, ते म्हणाले, तेव्हा माल उचलून न्यायला लांब पडतं म्हणून नको कोण म्हणालं? आण्णांनी मान खाली घातली. आठवड्यात टेबल स्टोअरच्या भिंतीकडे गेलं, आणि महत्त्वाचे जॉब चिरेत झिरपणारा रंग लावूनही तपासायचं ठरलं.

अपूर्वाला कळल्यावर ती फोनवर रडली, आणि मग मोबाइलमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचं प्रमाण कसं बदलायचं ते सांगायला लागली. आण्णांनी ते करू दिलं नाही. डाव्या कानावर आणखी आवाज मारून काय मिळवायचं, असं त्यांचं म्हणणं. तानपुऱ्याची जोडी ते आता एकच तानपुरा असल्यासारखी ऐकतात. गेममध्ये अजूनही बहुतेक वेळा पहिले मरतात, आणि वायर कोपरात अडकली म्हणून चिडतात. एकदा ऋतुराजच्या दुकानावरून जाताना थांबले, लॉट चांगला होता तुझा, एवढं म्हणाले आणि पुढं गेले.

सध्या त्यांचा खरा वाद चाललाय तो ग्राइंडिंगवरच्या केरबाशी. पस्तिशीचा गडी, सात वर्षं त्याच मशीनवर. आण्णांनी त्याला स्वतःच्या खिशातून बोळ्यांची डबी आणून दिली. केरबा ती शर्टाच्या खिशात ठेवतो. रोज सकाळी आण्णा त्याच्यापाशी जाऊन उभे राहतात, तो हसत बोळे घालतो, आणि आण्णा टेबलाकडे वळले की काढतो. परवा आण्णांनी त्याला त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून हळूच हाक मारली. केरबानं मान वर केली नाही. पुन्हा मारली. मशीन बंद होतं.

तिसऱ्या हाकेला त्यानं बघितलं आणि म्हणाला, "काय म्हणालासा व्हय आण्णा?"

"शनिवारी सुट्टी टाक," आण्णा म्हणाले. "माझ्यासंगट यायचंय तुला."