धप्प्यासाठी एकच लेन्स

माझ्या बायकोने लहानपणी रहाडीत उडी मारली होती, यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नव्हता. माझाही फारसा नव्हता. मी ते बोलून दाखवत नसे, एवढाच माझा शहाणपणा.

रहाड म्हणजे जुन्या नाशकातला, चौकाच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर त्यावर फळ्या आणि माती असते, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडतात, फुलांचा उकळलेला रंग भरतात आणि लोक त्यात उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. बायकोचं माहेर अशाच एका चौकात. गर्दी व्हायच्या आत वडिलांनी तिला धप्पा मारू दिला होता, असं ती सांगायची. माझी आई मनमाडची, रेल्वेवाल्यांची लेक. तिला ही सगळी नाशिककरांची बढाई वाटायची. "पोरीच्या जातीला कोण उतरू देतंय त्यात? फोटो आहे का गं?"

फोटो नव्हता.

यंदा चौकात बायकांसाठी वेगळी वेळ ठेवल्याचं माहेराहून कळलं आणि पन्नाशीला टेकलेल्या माझ्या बायकोने चहाच्या वेळी जाहीर केलं, "मी धप्पा मारणार आहे. आणि अहो, फोटो तुम्ही काढायचा. उडी एकच. चुकलात, तर 'फोटो आहे का गं' हे जन्मभर ऐकून घ्यायला मी मोकळी नाही."

आता माझी ख्याती सांगतो. मी सातपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात. प्रत्येक मापाला वेगळं हत्यार, ही सवय मी छंदातही आणली आणि तीन लेन्स घेतल्या. एक जवळची, एक लांबची, एक माणसांच्या चेहऱ्यांसाठी. परिणाम असा, की काही बघण्यासारखं घडलं की माझ्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात लेन्स आणि दातांत झाकण. भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तो क्षण माझ्याकडे नाही. अंतरपाट मात्र सुरेख आलाय.

रहाडीपाशी तर लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात रंग ओतणं. तेव्हा घरून लावायची आणि घरी येऊनच काढायची, अशी एकच, जवळचं-लांबचं दोन्ही टिपणारी झूम लेन्स हवी, हे पक्कं झालं. कोणती, हे मी कारखान्याच्या पद्धतीने ठरवलं. जुने फोटो उघडले. कोणता फोटो लेन्स किती मिलिमीटरवर ठेवून काढला, ते संगणक प्रत्येक फोटोखाली दाखवतो. इतकी वर्षं मी स्वतःला पक्ष्यांचा छायाचित्रकार समजत होतो. निघालं असं, की मी मुख्यत्वे पंगतींचा आहे. बहुतेक फोटो जवळच्या टोकाचे, त्याखालोखाल चेहरे. अगदी लांबचे थोडेच, आणि त्यांतही पक्षी कमी, फांद्या जास्त.

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार उत्साही होता. "सर, ही अठरा ते तीनशे घ्या. चंद्रावरचे खड्डेसुद्धा येतील."

"चंद्र राहू द्या," बायको म्हणाली. "मी आले पाहिजे."

दारासमोरून जाणाऱ्या बसवर मी ती रोखून पाहिली. लांबच्या टोकाला उजेड कमी पडत होता, आणि लेन्सने नेम धरेपर्यंत बस निघून गेली. दुसरी लेन्स उजेडाला झकास, पण बायकोने ती हातात तोलून पाहिली. "हा वरवंटा गळ्यात घालून तुम्ही उभे राहणार? मग तुमची मान मी शेकत बसायची."

तिसरी अठरा ते एकशे पस्तीस. तिच्यात हात हलला तरी सांभाळून घेण्याची सोय होती. बायको रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. अठरावर सगळा चौक, उड्डाणपूल, रिक्षांची रांग. एकशे पस्तीसवर फक्त तिचा चेहरा आणि ओठांवर स्पष्ट दिसणारं "झालं का?" मी तिथेच ठरवलं. हीच. आयुष्यात इतक्या ठामपणे मी फक्त लग्नाला हो म्हटलं होतं, आणि तेव्हाही बायको समोरच उभी होती.

घरी आल्यावर आईने लेन्स ओवाळली. नवीन वस्तू आहे, गाडीला करतो तसं केलं आणि ओल्या कुंकवाचं बोट सरळ काचेवर टेकवलं. दुकानदाराने गळ्यात मारलेली वरची जादा काच होती म्हणून बरं. ती फिरवून काढली आणि भांड्याच्या साबणाने नळाखाली धुतली. "देवाचं आहे, राहू दे की जरा," आई म्हणत होती.

रंगपंचमीला मी रहाडीशेजारच्या घराच्या गॅलरीत उभा राहिलो. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाशी रबरबँड. खाली बायको काठावर आली. जुना ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट. मी एकशे पस्तीसवर तिचा चेहरा धरून होतो. तिने हात जोडले, वर पाहिलं आणि ओरडली, "अहो, तयार?"

तेव्हा उमगलं, की चेहरा धरून ठेवला तर चेहराही जाणार आणि उडीही. डाव्या हाताने रिंग मागे फिरवली. काठ आला, बायका आल्या, मध्ये ती आख्खी आली. तिने उडी घेतली आणि मी बटणावरचं बोट काढलंच नाही.

नंतर सगळाच रंगकल्लोळ. वर येणाऱ्या बाईचे मी रिंग पुन्हा एकशे पस्तीसवर नेऊन भराभर फोटो काढले. "अहो, ती कोण? मी इकडे आहे!" असा आवाज दुसऱ्या कोपऱ्यातून आला. रंगात सगळ्या सारख्याच दिसत होत्या, हे मी अजूनही सांगतो.

घरी येताच फोटो संगणकावर लावला. बायको हवेत. गुडघे पोटाशी, एका हाताने नाक दाबलेलं, डोळे मिटलेले, खाली रंगाचा हौद वाट बघतोय. आईने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. बायको केसांना टॉवेल गुंडाळून मागे उभी राहिली. कपाळावर रंग तसाच होता.

"हा यंदाचा झाला," आई म्हणाली. "लहानपणीचा कुठंय?"

बायकोने तोंड उघडलं. आईने हातानेच तिला थांबवलं आणि स्क्रीनवरच्या नाक दाबलेल्या हाताकडे, दुमडलेल्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

"नाही," आई म्हणाली. "अशी उडी कुणी पहिल्यांदा मारत नाही." मग माझ्याकडे वळून, "मनमाडला पाठव हा. सगळ्यांना पाठव."