फिलोमेनची अर्धी कुंची

फिलोमेन पँगोविशचे हात थरथरायला लागले तेव्हा गावाने तिला मणीकामातून परस्पर निवृत्त करून टाकलं. तिला कुणी विचारलंच नाही. विचारणाऱ्याने शिव्या खाल्ल्या असत्या, हेही खरं. मी तिची शेजारीण, तिच्या शिव्या मला पाठ आहेत.

ह्युरॉन सरोवराच्या काठी आम्हा ओजिब्वे बायकांच्या डोक्यावर थंडीत टोकदार कुंची असते. फिलोमेनच्या हातची असली की लोक वळून बघायचे. काळी मखमल, कडेला कातरून बसवलेल्या रंगीत फितींची नक्षी, दोन्ही अंगांना मण्यांची रानफुलं, शेंड्याला पीस.

गेल्या पानगळीत सेलेस्त नावाची तरुण मुलगी तंबाखूची पुडी घेऊन तिच्या दारात कुंची मागायला आली. हिवाळी नाचात ती पहिल्यांदाच बायकांच्या पुढे चालणार होती. पुडी घेतली की काम आपल्याच हातांनी पुरं करायचं, असा आमच्यात शब्द असतो. फिलोमेनची लेक लोर्ना मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. म्हातारीने पुडी उचलून खिशात टाकली.

फुलं वाकडी आली. देठ तर भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून उभे.

"आपण मुद्दाम एक मणी चुकवतो ना, निर्दोष काम फक्त देवाचं म्हणून?" फिलोमेन मला म्हणाली. "यंदा देव माझ्यावर भलताच खूश होणार बघ."

एका सकाळी मात्र तिने कुंची हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. उजव्या अंगाची फुलं सरळ झाली होती.

"लोर्ना!"

"आई, थोडंसंच नीट केलं गं. लोक हसले असते."

"कुणाला?"

"तुला!"

"मग मला हसू देत. पुडी मी घेतली, तू नाही."

तिने कात्री घेतली आणि लेकीची देखणी फुलं एकूण एक उसवली. मणी घरभर सांडले. लोर्ना रडत रडत ते वेचत बसली. मला तिची दया आली, पण म्हातारीचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

नाचाचा दिवस उजाडला तरी उजवी बाजू रिकामीच होती. मणी शिवण्यासाठी खडूने आखलेली फुलं तेवढी दिसत होती. लोर्नाने घाईघाईने स्वतःची कुंची पुढे केली. "ही घाल बाई, हिच्यात काही कमी नाही."

सेलेस्तने ती बघितलीही नाही. अर्धी कुंची डोक्यावर चढवून तिने हनुवटीखाली बंद बांधले. "खडू कुणी पुसू नका," एवढंच म्हणाली आणि ढोलाच्या दिशेने चालू लागली.

बाकांवर कुजबुज झाली. आमच्या मागची एक बाई जरा मोठ्यानेच म्हणाली, "अगं बाई, अर्धीच?"

फिलोमेन उठून उभी राहिली. हात थरथरत होते, ते तिने लपवले नाहीत.

"हो, अर्धीच. उरलेली पुढच्या हिवाळ्यात. तोवर मला मरायला सवड नाही."