शेवटचा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो एकोणतीस वर्षं पुस्तकं बांधत होता. त्याला सगळे खळकाका म्हणत, कारण त्याच्या कपड्यांना, हातांना, अगदी चहाच्या कपालाही पिठाच्या खळीचा वास यायचा. माणूस कामाला चोख. फाटकं पुस्तक आलं की उसवायचं, पानं झटकायची, नव्याने शिवायची, पुठ्ठा चढवून दाबाखाली ठेवायचं. बोलायला मात्र महाकंजूष. ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवर त्याने अख्खा संसार रेटला होता. आणि हजारो पुस्तकं हाताखालून गेली तरी वाचलं त्याने एकही नव्हतं. कुणी छेडलं तर म्हणायचा, “माझं काम पुस्तकाच्या पाठीशी. पोटात काय आहे ते तुम्ही बघा.”

त्या वर्षी एका जुन्या कादंबरीवरचं संगीत नाटक गावातल्या थिएटरात लागलं आणि वाचनालयात माणसं मावेनात. पावभट्टीवाल्याची एकुलती एक मुलगी बापाशी भांडून घर सोडते, एवढीच गोष्ट. कादंबरी छापायची केव्हाच बंद झाली होती. गावात एकच प्रत, वाचनालयाची, आणि ती गावाने वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेली. नाटक पाहून आलेली मंडळी रविवारी सकाळी वाचनकक्षात जमायची आणि पुस्तक मधे ठेवून एकेक प्रवेश ताडून बघायची.

“गाणी चांगली आहेत हो, पण भट्टीची धग कुठाय?” निवृत्त मास्तर म्हणाले. “पुस्तकात पहिल्या वीस पानांत घाम फुटतो.”

“घामच हवा असेल तर बाल्कनीत बसा, मास्तर. तिथले पंखे बंद असतात,” औषधदुकानवाली म्हणाली. तिने नाटक चारदा पाहिलं होतं आणि ती कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

“आणि शेवट? पुस्तकात ती दार लोटून घेते आणि चालू लागते. संपलं! या नाटकवाल्यांनी तिला बारा वर्षांनी परत आणली. का, तर लोकांचे रुमाल भिजले पाहिजेत.”

“पण ते शेवटचं गाणं! वाद्य एकही नाही, बापलेक पीठ थापतात त्याचाच ठेका. माझ्या अंगावर काटा आला.”

“तुमच्या अंगावर काटा आला म्हणून ते पुस्तकात येतं का?”

बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन खळकाका दारात उभा होता. मास्तर चुकत होते, आणि का चुकत होते ते जगात फक्त त्याला ठाऊक होतं.

पंधरा वर्षांपूर्वी ती प्रत कुणीतरी वाचनालयाला भेट दिली होती आणि खिळखिळी म्हणून कुणी वाचायच्या आधीच त्याच्याकडे आली होती. त्याने ती उसवून फर्मे मांडले होते. सोळा पानांच्या घडीला त्या धंद्यात फर्मा म्हणतात. नेमकं शेवटच्या फर्म्यावर खळीचं भांडं उपडं झालं आणि पानं सोडवता सोडवता त्यांचा लगदा झाला. सांगितलं असतं तर ग्रंथपालबाई फार तर चार शब्द बोलल्या असत्या. पण याने आदल्या फर्म्याचं शेवटचं पान पाहिलं. प्रकरण तिथे संपत होतं, खाली कोरी जागाही होती. झालं! त्याने तिथेच अस्तराचा कागद चिकटवला, लगदा केरात टाकला आणि मूग गिळून गप्प बसला. पुस्तक संपलंच नाही अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. उलट मास्तरांनी त्या लोटलेल्या दारावर लांबलचक लेख लिहिला.

एवढंच असतं तर हसून सोडता आलं असतं. पण त्या प्रतीची सगळ्यात वेडी वाचक त्याच्याच घरात होती. त्याची मुलगी. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि पुढे घरात ही दोघंच. तिने ती कादंबरी पाच-सहा वेळा घरी आणली होती. चोविसाव्या वर्षी तिला दूरच्या शहरात शिक्षिकेची नोकरी लागल्याचं पत्र आलं. ते बापाच्या हाती पडलं आणि त्याने पुठ्ठ्यांच्या चळतीखाली दडवलं. एकटं पडायची भीती वाटली, एवढंच कारण. ते तोंडाने सांगायचं तर त्याला मरणच. रुजू व्हायची तारीख उलटल्यावर पत्र तिला सापडलं. तिने जाब विचारला, तर हा म्हणाला, “हं.” तिने बॅग भरली. दारात म्हणाली, “त्या मुलीने मागे वळून पाहिलं का? मीही पाहणार नाही.” त्याला नऊ वर्षं झाली. नवा पत्ता कळवणारं एक कार्ड आलं होतं, बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी तो दुपारच्या खेळाला एकटा जाऊन बसला. शेवटच्या प्रवेशात डोळे अधू झालेला बाप चाहूल ओळखतो, स्वतः दार उघडतो, पायऱ्या चाचपडत खाली येतो आणि मुलगी काही बोलायच्या आत म्हणतो, “चुकलो मी.” मग दोघं पीठ थापायला लागतात. खळकाका खुर्चीला खिळला. थिएटर रिकामं झालं, झाडणारी बाई आली, तरी हा बसलेलाच. आपल्या पोरीला आपण अर्धंच पुस्तक दिलं, तिची परतीची वाट आपल्या हातांनी केरात टाकली, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो रडला.

त्यानंतरच्या बैठकीत त्याने सगळं सांगून टाकलं. एकोणतीस वर्षांत तो सलग एवढा कधी बोलला नव्हता. मास्तरांचा चेहरा पडला. “मग ती सोळा पानं भिकारच असणार,” ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. औषधदुकानवालीला आधी हसू फुटलं. मग काकांकडे बघून तिने ते आवरलं. ग्रंथपालबाईंनी दुसऱ्या गावच्या वाचनालयातून त्या पानांच्या छायाप्रती मागवल्या. खळकाकाने एक संच जादा मागून घेतला, घरी नेऊन नीट कापला, शिवला, कव्हर चढवलं आणि मुलीला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नव्हती. ती असायला हवी हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पानंच सगळं बोलतील असं त्याने धरलं होतं.

तो रोज टपालाच्या वेळेला वाचनालयाच्या फाटकापाशी जाऊ लागला. पंधराव्या दिवशी उत्तर आलं.

“बाबा, पानं मिळाली. हा शेवट मी इथे आले त्याच वर्षी वाचला, इथल्या वाचनालयात पूर्ण प्रत आहे. वाचल्यावर मी वर्षभर तुमच्या पत्राची वाट पाहिली. ती मुलगी परत आली, कारण बाप पायऱ्या उतरून खाली आला. चुकलो म्हणाला. तुम्ही मला त्याची माफी शिवून पाठवलीत. तुमची कुठे आहे?”

त्याने ते उभ्यानेच तीनदा वाचलं. सांडलेल्या खळीचा दोष अंगावर घेऊन तो गेले काही आठवडे जवळजवळ सुखात होता, हे त्याला आता कळलं आणि स्वतःची लाज वाटली. पुस्तकाने काही केलं नव्हतं. जे केलं ते त्याने केलं होतं, आणि मुलीला नऊ वर्षं तेवढंच ऐकायचं होतं.

खोलीत येऊन त्याने कागद घेतला. वर तारीख घातली, आणि सवयीने खाली ‘अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं. लिहून थबकला. माफी मागणाऱ्याने आशीर्वाद कसले द्यायचे? त्याने तो कागद चुरगळला, दुसरा घेतला. दुसऱ्यावर तारखेपुढे काही आलं नाही. तिसराही तसाच गेला. बाहेर ग्रंथपालबाई खिडक्या लावत होत्या. ‘चुकलो’ एवढा एकच शब्द लिहायचा होता, आणि त्याचा हात चालत नव्हता.